पोरीला नर्सिंगला घालू का?



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांच्या घरात यंदा बारावीचं पोर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा नारायणगावला मार्केटच्या बाहेर चहा पीत उभा होतो. ओळखीचे एक नाना टोमॅटोची गाडी खाली करून आले. भाव काय मिळाला हे विचारायची गरज नव्हती, तोंडावरच दिसत होतं. चहाचा पहिला घोट घेतला आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू लिहितोस-बिहितोस, तुझी बहीण पण सिस्टर आहे. एवढंच सांग, पोरीला नर्सिंगला घालू का?"

कागदावर पांढऱ्या टोपीतल्या हसऱ्या मुलीचा फोटो. वर मोठ्या अक्षरात, एका वर्षात नर्स बना. त्याखाली, दहावी पास-नापास चालेल, शंभर टक्के नोकरीची हमी. खाली दोन मोबाईल नंबर. मान्यता कुणाची, परीक्षा कोण घेणार, सर्टिफिकेटवर शिक्का कुणाचा, याबद्दल एक अक्षर नाही.

मी नानांना म्हटलं, नर्सिंगला घाला, पण ह्या कागदावरच्या नर्सिंगला घालू नका. ते म्हणाले, म्हणजे काय? तिथून जे सुरू झालं ते दोन चहा आणि एक भजीची प्लेट होईपर्यंत चाललं. तेच इथं लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. आपल्या जुन्नर-आंबेगावात दर उन्हाळ्यात शेकडो घरांत तो निघतो.

आधी त्या कागदाचं बघू.

आपल्याकडे पांढरा किंवा निळा ड्रेस घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर'. पण कायद्याने नर्स कोण, तर जिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे ती. आणि ही नोंदणी मिळायला दरवाजे मोजकेच आहेत. एएनएम, दोन वर्षं. जीएनएम, तीन वर्षं. बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. तिन्ही बारावीनंतर. बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि राज्य सीईटी कक्षाची वेगळी सीईटी द्यावी लागते. जीएनएमला सायन्सवाल्यांना प्राधान्य असलं तरी आर्ट्सच्या मुलींनाही दार बंद नाही. एएनएमला तर आर्ट्सच्या कितीतरी मुली जातात. म्हणजे अकरावीला सायन्स घेतलं नाही म्हणून सगळं संपलं, असं काही नाही.

एका वर्षाच्या कोर्सवाल्या मुलीला ही नोंदणी मिळत नाही. तिला काम मात्र मिळतं, आणि गंमत तिथेच आहे. आपल्या हायवेच्या कडेच्या छोट्या हॉस्पिटलांत ती लागते, सहा महिन्यांत सलाईन लावायला शिकते, वर्षभरात शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्याची शीर बरोबर शोधते. डॉक्टर तिच्यावर विसंबतात. पाच-सात वर्षं जातात. मग एक दिवस जिल्हा परिषदेची जाहिरात येते आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला फॉर्मसुद्धा भरता येत नाही. अशा दोन मुली माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. एक आता तिशीत आहे, दोन लेकरं आहेत, परत बारावीनंतरचं तीन वर्षांचं शिक्षण घ्यायची ताकद घरात नाही. तिच्या हाताला नर्सचं काम येतं, पण कागद कुणीच विचारत नाही असा आहे.

म्हणून कुठल्याही कॉलेजात पाऊल टाकायच्या आधी तीन गोष्टी विचारा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता ह्या वर्षाची आहे का. परीक्षा कोण घेतं, कारण बी.एस्सी. असेल तर नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेणार, एएनएम-जीएनएम असेल तर शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. आणि तिसरं, मुलींना प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलात नेता, तिथं खाटा किती. जे कॉलेज तिसऱ्या प्रश्नावर चुळबुळ करतं तिथं पोरगी घालू नका. वॉर्ड न बघता झालेली नर्स म्हणजे शेत न बघता झालेला शेतकरी.

आता खऱ्या नर्सिंगकडे येऊ. फायदा की तोटा?

मी माझ्या ताईचंच सांगतो. तिने जीएनएम केलं तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता. आमच्या घरात तोवर कुणी बाई पगारावर नव्हती. चुलते म्हणाले, परक्या पुरुषांची अंगं पुसायला पाठवताय का पोरीला. आई काही बोलली नाही, तिने बांगड्या मोडल्या. ताई पास झाली, एका खासगी हॉस्पिटलात लागली. बारा तास ड्युटी, दुसरी मुलगी आली नाही तर तिथंच पुढचे बारा. ओरिजनल मार्कशीट हॉस्पिटलच्या कपाटात कुलपात. पगार इतका की महिन्याचं भाडं आणि डबा काढला की एसटीच्या पासापुरते उरायचे. तीन वर्षांनी ती आरोग्य अभियानात कंत्राटावर लागली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवस खंड, परत अकरा महिने. त्यात सहा वर्षं गेली. मग सरळसेवेने सरकारी नोकरी लागली आणि पहिल्या पूर्ण पगाराच्या दिवशी तिने आईला चार बांगड्या करून आणल्या.

कामात तिन्ही ठिकाणी काडीचा फरक नव्हता. तीच इंजेक्शनं, तीच ड्रेसिंगं, तेच रात्री दोन वाजता घाबरलेले नातेवाईक. आणि तरी एकीकडे मुलगी उपाशी, एकीकडे टांगती, एकीकडे सुखी. म्हणून कुणी मला विचारलं की नर्सिंगमध्ये फायदा आहे का, तर मी विचारतो, कुठल्या नर्सिंगमध्ये?

आकडे बघा. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात ३५,४०० ते १,१२,४०० आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची, म्हणजे एएनएमची, २५,५०० ते ८१,१००. हे मूळ वेतन, भत्ते वेगळे. एम्सच्या नॉर्सेट परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झाली तर मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू. नागपूरला एम्स आहे, फार लांब जायचीही गरज नाही. नर्सिंग झालेल्या आपल्या किती मुली नॉर्सेट देतात? मला एकही भेटलेली नाही. राजस्थान आणि केरळची मुलं-मुली तिची वर्ष-वर्ष तयारी करतात.

आणि खासगीत? इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नाही. खासगी नर्सच्या पगाराचा विषय सुप्रीम कोर्टात गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने सांगितलं, दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात नर्सला सरकारी नर्सइतकाच पगार हवा. शंभर ते दोनशे खाटा असतील तर जास्तीत जास्त दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली कुणालाही देऊ नये. केंद्राने हे राज्यांना कळवलं. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, वर्ष-दीड वर्ष भांडल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतन २०,००० करून घेतलं.

आपल्याकडची बहुतेक हॉस्पिटलं पन्नास खाटांच्या आतली. म्हणजे वीस हजारवाल्या ओळीत बसणारी. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, जुन्नर, कुठंही ओळखीच्या सिस्टरला हळूच विचारा, किती मिळतात. मी विचारलंय. आकडा ऐकून मला तरी मान वर करता आली नाही. वीस हजार लांब राहिले, त्याच्या निम्म्यावर काम करणाऱ्या मुली आहेत. मार्केटला कॅरेट भरणारा माणूस हंगामात त्यांच्यापेक्षा जास्त घेतो. त्याला मिळू नये असं मी म्हणत नाही. पण त्याच्या हातून चूक झाली तर टोमॅटो दबतो, हिच्या हातून झाली तर माणूस जातो.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे. हॉस्पिटलचं कर्ज, मशिनचे हप्ते, आणि पेशंट शेतकरी. कांदा पडला की बिल थकतं. मोठ्या शहरासारखे दर इथं लावता येत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण दर वेळी ह्या हिशोबात कात्री एकाच ठिकाणी लागते, नर्सच्या पगाराला. एक्स-रे मशिनच्या हप्त्याला कुणी म्हणत नाही की ह्या महिन्यात निम्मा घ्या. आणि आपणही त्यात आहोत. बिल भरताना बेड चार्ज, औषधं, डॉक्टरांची फी यावर घासाघीस करत नाही, 'नर्सिंग चार्ज' दिसला की मात्र म्हणतो, हे कशाचे लावले?

कशाचे, ते सांगतो. आपल्या भागात सर्पदंश किती होतात ते वेगळं सांगायला नको. डॉ. सदानंद राऊतांमुळे नारायणगावचं नाव सर्पदंशाच्या उपचारात लांबवर गेलं, आपल्याला त्याचा अभिमान आहे. सापाच्या विषावरचं ते इंजेक्शन चालू असताना कधीकधी पेशंटच्या अंगावर गांधी उठतात, बीपी खाली जातं, श्वास अडकतो. ते कुणाच्या आधी लक्षात येतं? खाटेजवळ उभं राहून दर थोड्या वेळाने नाडी आणि बीपी बघणारीच्या. तिने वेळेत हाक मारली तर डॉक्टर पुढचं बघणार. त्या हाकेचे पैसे असतात ते.

सरकारी म्हणजे मात्र सगळं सोनं, असंही समजू नका. सरकारी नोकरीच्या नावाखाली आता कंत्राटाची नोकरी विकली जाते. आरोग्य अभियानात दहा-दहा वर्षं काढलेल्यांना कायम करण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. आणि त्याची अंमलबजावणी करा म्हणून तेच कर्मचारी ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर बेमुदत संपावर बसले. त्याआधी मे २०२२ मध्ये सरकारी हॉस्पिटलांतल्या परिचारिका संपावर गेल्या, बाहेरच्या कंपन्यांमार्फत भरती नको म्हणून. जुलै २०२५ मध्ये परत गेल्या. संप झाला की आपण म्हणतो, पेशंटचे हाल करतात. हाल होतात, खोटं नाही. पण संपाच्या आदल्या दिवशी रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट होते हे कुणी विचारत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीनमागे एक. कधी रात्री सरकारी वॉर्डात पेशंटजवळ झोपला असाल तर मोजून बघा. मी मोजलेत. पाचाचे पंचवीस केव्हा होतात कळत नाही.

कोरोनाची आठवण काढतोच. लेण्याद्रीचं यात्री निवास, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं सेंटर, आठवतंय ना? तेव्हा राज्यभर नर्सेस कंत्राटावर भरल्या. घरच्यांना भेटायचं नाही, प्लॅस्टिकच्या पोशाखात सहा-सहा तास पाणी प्यायचं नाही. आपण थाळ्या वाजवल्या. लाट ओसरली आणि त्यातल्या बहुतेक मुलींना कामावरून कमी केलं. एक अनुभवाचं सर्टिफिकेट हातात.

आता ज्या तोट्याबद्दल करिअरच्या मेळाव्यात कुणीच बोलत नाही तो सांगतो. नर्सकडे जबाबदारी पुरती असते, अधिकार नसतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला शेजारी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. कोरोनाचे ११ पेशंट गेले. पुढच्या चार दिवसांत अटक कुणाला झाली? एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांना. वायरिंग नर्सने केलं नव्हतं. अग्निशमनाची यंत्रणा बसवायची फाईल नर्सच्या टेबलावर नव्हती. दोष कुणाचा ते कोर्ट बघेल, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात ताई घरी आली होती. जेवताना एकच वाक्य बोलली, "उद्या आमच्या वॉर्डात शॉर्टसर्किट झालं तर मी आधी पेशंट काढू का आधी वकील बघू?"

मारहाणीचं तेच. २०१० पासून राज्यात कायदा आहे, हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स किंवा कुणाही कर्मचाऱ्याला मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड. हॉस्पिटलच्या भिंतीवर बोर्डही असतो. तरी पेशंट दगावला की पहिली शिवी सिस्टरला, कारण डॉक्टर केबिनमध्ये असतात आणि ती समोर असते. शिवी देणारा पुष्कळदा आपल्याच गावचा, आपल्याच गाडीतून आलेला असतो. अरुणा शानबाग आठवतात? केईएमच्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हॉस्पिटलातच हल्ला झाला, हल्लेखोर तिथलाच सफाई कामगार. त्यानंतर ४२ वर्षं त्या त्याच हॉस्पिटलात खाटेवर होत्या. २०१५ मध्ये गेल्या. इतकी वर्षं त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली ती केईएमच्या नर्सेसनी. ड्युटी बदलत गेल्या, पिढ्या रिटायर झाल्या, पण त्यांच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही असं सांगतात. ह्या एका गोष्टीत नर्सिंगचं सगळं भय आहे आणि सगळी थोरवीही आहे. ऐकून पोरीला पाठवायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी दोन्ही सांगतो.

आता म्हणाल, एवढं सगळं असून 'घाला' का म्हणालास?

कारण आपल्या भागातल्या मुलीसमोर दुसरं काय आहे ते मला दिसतं. बी.ए. करून दोन वर्षं घरी, मग लग्न. किंवा चाकणला कंपनीत लाईनवर, सहा महिन्यांनी ब्रेक. नोंदणी असलेल्या नर्सचं तसं होत नाही. पगार कमी असेल, पण काम नाही असं होत नाही. नवऱ्याची बदली झाली, ती तिथं कामाला लागते. लेकरासाठी पाच वर्षं घरी बसली, नोंदणीचं नूतनीकरण करून परत कामाला लागते. वाईट वेळ आली, नवरा गेला किंवा सोडलं, तर ती भावाच्या दारात उभी राहत नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या वाडीत अशी एक आहे, दोन मुलांना तिने एकटीने इंजिनिअर केलं.

आणि ही वाट पुण्यात आजची नाही. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७. पुढे रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना, त्यात विधवांनाही, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. तेव्हाही लोकांनी तेच म्हटलं जे आमच्या चुलत्यांनी म्हटलं. शंभर वर्षांत वाक्य बदललेलं नाही, फक्त आता म्हणणाऱ्यालाच बायपासनंतर तीन दिवस कोण उठवून बसवतं ते कळतं.

कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथेंचं नाव ऐकलं असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी हॉस्पिटलात शिरले तेव्हा त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आत हलवलं, दारं लावली. पुढे कोर्टात कसाबला ओळखलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे साक्ष सांगितली. स्टाफ नर्स होत्या. त्या रात्री त्यांना काय करायचं ते सांगायला कुणी मेट्रन आली नव्हती.

आपल्याकडचंच सांगायचं तर माळीण. ३० जुलै २०१४. डोंगर खाली आला, दीडशेवर माणसं गेली. अडिवऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक देह आणला जात होता. मंत्री आले, कॅमेरे आले, सगळे परत गेले. त्या आरोग्य केंद्राच्या सिस्टर आणि सेविका तिथंच होत्या, आणि गेलेल्यांत कितीतरी जणांची लसीची कार्डं त्यांनीच भरलेली असणार.

पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी मुलींना मी म्हणूनच वेगळं सांगतो. तळेघर, अडिवरे, आपटाळे, इंगळून, ह्या आरोग्य केंद्रांत बाहेरून येणारी माणसं बदलीचा अर्ज खिशात घेऊनच येतात. त्यांना दोष देत नाही, पावसाळ्यात तिथं राहून दाखवा मग बोला. निकषाने आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हवं. तिथं जी सेविका असेल ती आपल्या वाड्यांतली, आपली बोली बोलणारी असेल तर फरक पडतो. बाळंतपणाला दवाखान्यात चल म्हटलं की बाई तिचं ऐकते, माझं-तुमचं ऐकत नाही. आरोग्य सेविकेचं पद अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव असलेल्या १७ संवर्गांत येतं. ही पेसा भरती कोर्टकचेरीत अडकली, मुलांना उपोषणं करावी लागली, हे खरं. पण जागा निघतील तेव्हा हातात एएनएमची नोंदणी नसेल तर त्या आरक्षणाचा उपयोग काय? घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन शिष्यवृत्तीचं विचारा, वसतिगृह मिळालं नाही तर स्वयं योजनेचं विचारा. बाकीच्यांनी महाडीबीटी बघा. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. तुमचा कोर्स आणि तुमचं कॉलेज त्यात बसतं का, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी 'बसतं हो' वर जाऊ नका.

परदेशाचं थोडक्यात. जगात नर्सेस कमी आहेत, २०२३ ला ५८ लाखांची तूट होती असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. पण जर्मनीत नर्स म्हणून उभं राहायला जर्मन भाषा चांगली यावी लागते, ते सहा महिन्यांच्या क्लासचं काम नाही. आणि 'आधी तीन लाख भरा' म्हणणारा एजंट दिसला की सरळ घरी या.

मुलांबद्दलही थोडं. मुलगा नर्सिंगला म्हटलं की पारावर हसतात. 'ब्रदर' म्हणतात त्यांना. एम्सच्या नॉर्सेटमध्ये ८० टक्के जागा मुलींना आहेत, म्हणजे मुलांना स्पर्धा जास्त. पण आयसीयू, अपघात विभाग, डायलिसिस, मनोरुग्णालय, सगळीकडे ते लागतात. हसणाऱ्यांपैकी किती जणांची पोरं पगारावर आहेत ते मला माहीत आहे.

आणि लग्नाचं. दहा वर्षांपूर्वी स्थळं म्हणायची, नर्स नको, नाइट असते. आता म्हणतात, सरकारी नर्स असेल तर बघा. मुलगी तीच, ड्युटी तीच. यावर अजून काय लिहू?

तर नानांना मी असं सांगितलं. पोरीचं बायो चांगलं असेल तर बी.एस्सी.ची सीईटी द्यायला लावा, सरकारी कॉलेज मिळेल ते पहिलं. नाही मिळालं तर जीएनएम, मान्यता बघून. कर्ज काढून लाखांची फी भरून चार वर्षं घालवणार असाल तर आधी हिशोब मांडा, कारण खासगीत लागली तर तिच्या पगारातून ते कर्ज फिटणार नाही, सरकारीच लागावं लागेल. पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढू द्या, काम शिकेल. ओरिजनल कागद कुणाच्या कपाटात ठेवू देऊ नका. आणि तिला स्वतःला विचारा. रक्त बघून चक्कर येणं चार दिवसांत जातं, पण माणसाचा कंटाळा येणारीला हे काम जमत नाही.

नानांनी तो कागद फाडला नाही, परत घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, पोरीला दाखवतो, तू सांगितलेलं पण सांगतो.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. पोरगी शेजारी उभी होती, तिनेच मोबाईल घेतला. मला वाटलं सीईटीचं विचारेल. ती म्हणाली, "मामा, मी नर्सिंग करते. पण पुढं इथंच नारायणगावला नोकरी लागली आणि ड्युटी रात्री आठला सुटली तर घरी कशी येऊ? आमच्याकडची शेवटची एसटी त्याआधी जाते. फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस आहे आणि मागच्या आठवड्यात तिथंच बिबट्या बसला होता."

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या भागातले कितीतरी डॉक्टर ही पोस्ट वाचतात, काही जण तर मित्रच आहेत. रात्री सुटणाऱ्या आणि रात्री चढणाऱ्या सिस्टरसाठी एक गाडी, चार हॉस्पिटलांनी मिळून केली तरी चालेल, आळेफाट्यापासून मंचरपर्यंत. कोण तयार आहे ते कळवा. तिला मला उत्तर द्यायचंय.